पिवळं ओढणारी माळ

अक्कलकोट रोडच्या कडेला आप्पांच्या पत्र्याच्या शेडखाली रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या गळ्यात, तर कुणाच्या पार कमरेपर्यंत काड्यांच्या माळा. माळ कावीळ ओढते आणि ओढेल तशी वाढते, अशी ख्याती. त्यामुळे ज्याची माळ लांब, त्याचा मान मोठा. मैंदर्गीहून आलेला एक बाप्या आपली माळ उचलून शेजाऱ्यांना दाखवत होता, कुस्ती मारून आल्यासारखा.

मधोमध खाटेवर आप्पा बसले होते. डॉक्टर रक्त काढतो, आपण फक्त पिवळं काढतो, रक्त ज्याचं त्याच्यापाशी राहतं, असं ते दर नव्या माणसाला त्याच सुरात ऐकवत.

रांगेत सासू गौरम्मांच्या मागे शिवलीला उभी होती, तान्हं लेकरू छातीशी धरून. लेकीला महिना उलटून गेला होता आणि डोळे अजून हळदीसारखे पिवळे. बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांनी बजावलं होतं, दोन आठवड्यांत कावीळ गेली नाही तर दाखवायला आणा. पण सासूने बाळाला माळ घातली आणि आप्पांचा नियम आडवा आला: माळ चालू असताना दवाखान्याचं वारं लागू द्यायचं नाही. नवरा टेंभुर्णीला कामावर; फोनवर म्हणे, आईचं ऐक. बीएस्सीपर्यंत शिकून आपण तोंडाला कुलूप लावून बसलो, याचाच शिवलीलाला जास्त संताप होता.

नंबर लागला. आप्पांनी माळ बाळाच्या अंगावर धरून लोकांना दाखवली. "बघा मंडळी. नरड्याला बसंल अशी दिली हुती. आता टाचंला लागली."

गौरम्मांनी हात जोडले. "शी बी पांढरी हुतीया आप्पा, चुन्यागत."

"हुणारच की. माळंनं समदं वढलं, पिवळं उरलंय कुटं?"

लंगोटात रोज दिसणारा तो पांढरा रंग शिवलीलाला झोपू देत नव्हता. आणि हा माणूस त्याचंच श्रेय घेत होता.

"आप्पा, ही माळ हिच्या गळ्यात नव्हतीच," ती म्हणाली. "फास बसेल म्हणून मी पहिल्याच दिवशी काढली. सासूबाई आंघोळ घालतात, त्यांना दिसावी म्हणून तेवढ्यापुरती घालायची. एरवी कळशीच्या गळ्यात."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजी कळशीला कावीळ झालती व्हय?"

हशा पिकला. शिवलीलाने पुढ्यातल्या टोपलीतून ताजी माळ उचलली आणि शेजारी आपली धरली. ताज्या माळेतले तुकडे ओले, जाडजूड. प्रत्येकाला दोऱ्याचा वेढा घट्ट आवळलेला. तिच्या माळेतले वाळून काडेपेटीच्या काडीसारखे झालेले, वेढे सैल. काडी वाळते, आकसते, आवळलेला दोरा मोकळा होतो आणि माळ लांबते. खुंटीला अडकवली तरी लांबेल, असं तिने सांगितलं.

आप्पा डगमगले नाहीत. "इस्वास न्हाय तितं गुण न्हाय. कळशीला घातल्यावर लेकरू बरं हुईल कसं?"

आणि माना डोलल्या. मघाशी कळशीवरून हसणाऱ्याचीही डोलली. डोळ्यांनी पाहिलेलं या माणसांच्या डोक्यापर्यंत पोचत कसं नाही? शिवलीलाला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

गौरम्मा मात्र तिथेच अडल्या होत्या. "आप्पा, माळ कळशीला हुती, तर मग माझ्या नातीचं पिवळं वढलं कुनी?"

आप्पांनी पुढच्याला हाक मारली. गौरम्मा हलल्या नाहीत, त्यांनी पुन्हा विचारलं. आप्पा पुढच्याच्या गळ्यात माळ घालू लागले, तेव्हा त्यांनीच सुनेचं मनगट धरलं आणि रिक्षा थांबवली.

दवाखान्यात बालरोगाच्या डॉक्टरीणबाईंनी बाळाचं कपाळ अंगठ्याने हलकेच दाबून सोडलं. तेवढा ठसा पिवळा उमटला. दाबलं की कातडीतलं रक्त बाजूला सरतं आणि पेशींत मुरलेला रंग दिसतो, त्या म्हणाल्या. जुन्या रक्तपेशी मोडल्या की हा पिवळा पदार्थ तयार होतो. यकृत तो पित्तातून आतड्यात सोडतं, म्हणून शी पिवळी होते.

"पांढरी शी म्हणजे पिवळं गेलं असं नाही. त्याची बाहेर पडायची वाट बंद झाली. मग ते रक्तात साठतं, कातडीत आणि डोळ्यांत उतरतं, यकृत खराब करतं. इथे एकेक दिवस मोलाचा असतो. इतके दिवस काय करत होता?"

गौरम्मा खाली बघून म्हणाल्या, "पांढरी झाली म्हणून पेढं वाटलं गल्लीत."

तपासण्या झाल्या, मग पुण्याला पित्ताला नवी वाट करून देणारं ऑपरेशन. उशीर झाला होता, फार नव्हता. काही दिवसांनी लंगोटात हिरवट-पिवळा डाग दिसला, तेव्हा सासू-सुना दोघी तो उजेडात धरून बघत राहिल्या. पुढे काय होईल, ते डॉक्टर अजून ठामपणे सांगत नाहीत.

शेडखालची गर्दी मात्र तशीच आहे. बहुतेक बाळांची साधी कावीळ आपोआप ओसरते, मोठ्यांचीही बऱ्याचदा ओसरते, आणि श्रेय माळेला जातं. ज्यांची ओसरत नाही, ते परत रांगेत येऊन सांगत नाहीत. म्हणून दोन आठवड्यांनंतरही बाळाचे डोळे पिवळे असतील किंवा शी पांढुरकी होत असेल, तर कुणालाही न विचारता त्याच दिवशी दवाखाना गाठा. सासूला विचारायचंच असेल, तर रिक्षात बसल्यावर विचारा.