साडेचारचे अपघात

ही गोष्ट कोणीही खरी मानणार नाही, हे मी आधीच लिहून टाकतो. मरोळच्या आमच्या नाक्यावर मी चार महिन्यांत सतरा अपघात केले. गाडी न चालवता. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीतून न उठता. सतरा अपघात, आणि रक्ताचा एक थेंब सांडला नाही. सांडलं ते दूध, सुकट, बर्फाच्या दोन लाद्या आणि एकदा साखरपुड्याचे चारशे पेढे.

हसलात ना? मी खरं बोलायला लागलो की लोक असेच हसतात. थापा मारतो तेव्हा मात्र कान टवकारून ऐकतात.

माझं नाव शरच्चंद्र. एकतीस वर्षं मोटार विम्याचा सर्व्हेअर होतो. कोणी गाडी ठोकली की ती बघायला जायचं आणि मालकाचं म्हणणं लिहून घ्यायचं. साकीनाक्याच्या गॅरेजांत माझी हयात गेली. एवढ्या वर्षांत "चूक माझी" म्हणणारा एकही भेटला नाही. कुत्रं आडवं आलं, ऊन डोळ्यांवर आलं, पुढच्याने हात डावीकडे दाखवला आणि वळला उजवीकडे. एकाने तर मुलाची शपथ घेऊन सांगितलं, की साहेब, हे झाड काल इथे नव्हतं. ऐकून ऐकून मला थापेचं मर्म कळलं. तिच्यात एक बिनकामाची खरी गोष्ट लागते. "ट्रकने धडक दिली" असं नुसतं सांगितलं तर कोणी मानत नाही. "ट्रकच्या मागे लिंबू-मिरची लटकत होती, त्यातली मिरची एकच उरली होती" म्हटलं की ऑफिसातले साहेब सही करून मोकळे.

उत्तरा, माझी बायको, गेली त्याला तीन वर्षं होतील. सकाळ पेपरात जाते. दुपारी डोळा लागतो. सहाला खालच्या बाकावर मंडळी जमतात, त्यांना मी अरबी समुद्रात पोहत गेटवे ते वांद्रे गाठल्याची हकिकत सांगतो. चार ते पाच तेवढे काही केल्या सरत नाहीत. त्या वेळी आम्ही दोघं गॅलरीत चहा घ्यायचो. आता अर्धा कप दूध तापवायला घेतलं की पातेल्याच्या बुडाला नुसती खरवड उरते, आणि ती घासत बसायचं.

अशात मागच्या गणपतीच्या महिनाभर आधी गंधाली आली. तिशीच्या आतली, पाठीवर सॅक, पायात धुळीने माखलेले बूट. रस्ता-सुरक्षेचं काम करणाऱ्या एका संस्थेची.

"काका, मोठे अपघात पोलिसांच्या कागदावर येतात," ती म्हणाली. "पण स्कूटर घसरली, आजी पडल्या, रिक्षा चाटून गेली, हे कोण लिहितं? आणि मोठा अपघात होण्याआधी त्याच जागी दहा लहान झालेले असतात. ते लिहायला आम्हाला त्या जागी बसणारा माणूस हवाय. खाली सगळ्यांनी तुमचंच नाव सांगितलं."

"का?"

"म्हणाले, त्यांना दुसरं काम नाही."

मला मुलगी आवडली.

तिने एक छापील तक्ता दिला. तारीख, वेळ, वाहन, काय झालं, कोणाला लागलं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती येणार, तक्ता नेणार, महिन्यांचा आलेख काढणार. ज्या नाक्याचे आकडे जास्त, तिथे वॉर्डकडे सुधारणा मागणार. मी इमानाने लिहिलं. ऑगस्टात सहा, सप्टेंबरात चार, ऑक्टोबरात पाच. शनिवारी गंधाली साडेचारला यायची. तिच्यासाठी म्हणून मी अर्धा लिटर दूध घ्यायला लागलो. खारी आणायचो. तिला चहात खारी बुडवून ठेवायची आणि विसरायची खोड होती. मग चमच्याने ती गाळातून उपसायची आणि तोंडाने अपघात विचारायची. पाऊण तास. मी घड्याळ बघायचो नाही, पण पाऊण तास.

दिवाळीत नाक्याला सिग्नल लागला. दोन बाजूंना गतिरोधक झाले. माझ्या तीन महिन्यांच्या तक्त्यांमुळेच झाले, असं गंधाली म्हणाली. मी सोसायटीभर छाती काढून फिरलो. नोव्हेंबरात शून्य. डिसेंबरात शून्य.

"झकास!" गंधाली म्हणाली. "आता जानेवारी शून्य आला की झालं."

"काय झालं?"

"नियम आहे ना, सलग तीन महिने शून्य आलं की ती जागा बंद. मग मी इथून मासळी बाजारासमोर जाणार. तिथे रस्ता ओलांडायला पट्टेसुद्धा नाहीत, आणि लिहिणारं कोणी नाही. बायका धंदा करतील की तक्ते भरतील? मीच जाऊन बसेन म्हणते."

मी म्हटलं, वा, छान. आणि खारीची पिशवी पुढे केली.

एकतीस जानेवारीला संध्याकाळी मी तक्ता समोर घेऊन बसलो. रिकामा होता. पेन उघडलं आणि लिहिलं: वेळ साडेचार. स्कूटर घसरली. मागे सुकटीचं पोतं होतं, ते फुटलं. किरकोळ खरचटलं. मग, सवयीने, खाली जोडलं: पाच मांजरं जमली, पैकी एक शेपूटतुटकी.

शेपूटतुटकं मांजर खरं होतं.

बाजार काय, कुठे पळून जातो? असं मी स्वतःला सांगितलं. गंधाली फेब्रुवारीच्या शनिवारी आली, वाचताना मांजरापाशी हसली, आणि मार्चमध्ये पुन्हा येणार हे ठरलं.

मग माझा हात सैल सुटला. फेब्रुवारीत चार. बर्फाची हातगाडी, काचा नेणारा टेंपो, वगैरे. काच फुटू दिली नाही, फार झालं असतं. मार्चमध्ये पाच. त्यात साखरपुड्याचे पेढे आले, आणि नावं सुचेनाशी झाली तेव्हा द्रौपदीही आली.

द्रौपदी म्हणजे आमची कोळीण. बाजाराच्या तोंडाशी तिची आणि तिच्या सासूची, सखुबाईची, बसायची जागा. सकाळी नऊला टोपली घेऊन ती आमच्या गल्लीत येते. वय पन्नाशीचं, आवाज भोंग्याचा, आणि साऱ्या जगाला अरेतुरे. मी गॅलरीतून खाली बघून म्हणतो, "द्रौपदी, त्या डावीकडच्या पापलेटाचे कल्ले काळे पडलेत. कालचं आहे."

"काका, तुझे डोळे हायत का दुर्बीण? खाली ये नि हात लाव!"

"हात लावला तर घ्यावं लागेल."

"नायतर काय मुका घेनार त्याचा?"

दिवसभरात माझ्याशी भांडणारं हे एकच माणूस. तिला मी मार्चच्या तक्त्यात पाडलं. "मासेविक्रेती महिला, नाव द्रौपदी, रिक्षाचा धक्का, टोपली उलटली, बांगडे रस्त्यावर." लागलं मात्र काही नाही असं लिहिलं. जपूनच पाडलं.

एप्रिलच्या शनिवारी गंधालीने लॅपटॉपवर आलेख दाखवला. मुंबईच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या नाक्यांच्या रेघा खाली उतरत होत्या, आमची एकटी वर चढत होती.

"आणि हे बघा काका, विचित्र आहे. तुमचे जानेवारीपासूनचे सगळे अपघात चार ते पाचच्या मध्येच. सकाळी एक नाही, रात्री एक नाही. शाळा सुटते का त्या वेळी?"

मी पडद्याकडे बघत राहिलो. एक उंच काळा खांब, आजूबाजूला सगळं सपाट. दुसऱ्या कोणाला त्याचा अर्थ लागला नसता.

"ऊन डोळ्यांवर येतं," मी म्हटलं.

"बरोबर! पश्चिमेचा रस्ता!" असं म्हणत तिने ते टिपून घेतलं. एकतीस वर्षं मी ज्या कारणाला हसलो, ते माझ्या तोंडून निघालं आणि खपलं.

एप्रिलच्या वीस तारखेनंतर द्रौपदी गल्लीत यायची बंद झाली. चौथ्या दिवशी मी काठी घेऊन बाजारात गेलो. तिची जागा रिकामी, पाटावर पालथी टोपली. शेजारची म्हणाली, "म्हातारीला बाइकवाल्याने उडवली. हितंच, समोर. रस्ता क्रॉस करीत होती. खुब्याचं हाड मोडलं."

मी रस्त्याकडे पाहिलं. पट्टे नव्हते. गतिरोधक नव्हता. जानेवारीत शून्य लिहिलं असतं, तर फेब्रुवारीपासून गंधाली इथे तक्ता घेऊन बसली असती. अडीच महिन्यांत पट्टे झालेच असते असं नाही. पण काही तरी झालं असतं, किंवा निदान कोणी तरी लिहिलं असतं. सखुबाईचं पडणं कुठल्याच कागदावर नव्हतं. माझं शेपूटतुटकं मांजर होतं.

घरी आलो. एप्रिलच्या तक्त्यात सात अपघात लिहून तयार होते. फाडावा असं वाटलं. फाडला नाही. खरं सांगितलं तर ती येणार नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं, आणि त्याची लाज वाटत होती, आणि तरीही तेच फिरत होतं.

मेच्या शनिवारी गंधाली जिना धावतच चढून आली.

"काका, तुमचा नाका पहिला! या भागात एकच उंच पादचारी पट्टा मंजूर झालाय, रस्त्यापेक्षा वर उचललेला, गाडीला थांबावंच लागतं. आकड्यांवर तुम्हालाच मिळणार. सोमवारी यादी जाते." एप्रिलचा तक्ता तिने सॅकमध्ये टाकला.

"आणि बाजार?"

"तिथले आकडेच नाहीत ना काका. आकडा नसला की जागाच नसते यांच्या लेखी. पुढच्या वर्षी बघू."

चहा उतू गेला. मी गॅस बंद करायला उठलो, तेवढ्यात दारात द्रौपदी. टोपली नाही, हातात औषधांची पिशवी.

"काका, ती अपघात लिवनारी पोरगी शनवारी तुझ्याकडे येते ना? मी म्हनलं गाठूया. बाय गं, मी द्रौपदी, बाजारात बसते. माझ्या सासूचं लिवून घेशील? सखुबाई. खुबा मोडलाय."

गंधाली उठून उभी राहिली. "बसा ना मावशी. तुम्ही द्रौपदी का? मग तुमचं लिहिलंय की काकांनी. मार्चमध्ये तुम्ही या नाक्यावर पडलात, बांगडे सांडले, ते."

"मी?" द्रौपदी माझ्याकडे वळली. "मी कवा पडली रे?"

पातेलं माझ्या हातात होतं. आणि तेव्हा मला आयुष्यातली सगळ्यात सुंदर थाप सुचली. हिच्यात सगळ्यांचं भलं होतं.

"गंधाली, बस जरा," मी म्हटलं. "माझ्याकडून घोटाळा झालाय. ते नाक्यावरचे नाहीतच. सतराच्या सतरा बाजारासमोरचे आहेत. गॅलरीच्या त्या कोपऱ्यातून बाजार दिसतो. मोतीबिंदू आहे मला, दोन्ही डोळ्यांत. हा नाका की तो रस्ता, मला कळलंच नाही. तू सगळे आकडे बाजाराच्या नावावर टाक. पट्टा तिथे जाऊ दे. हवं तर मी रोज तिथे जाऊन बसतो, तू महिन्याला तिथे ये." आणि मर्म विसरलो नाही. "डाव्यात जास्त आहे. डॉक्टर म्हणाले, पिकल्याशिवाय काढायचा नाही."

गंधालीने लॅपटॉप उघडला. तिचा चेहरा खुलला होता. "असं होऊ शकतं काका! जागा दुरुस्त करता येते, सोमवारच्या आत. फक्त तुमची सही लागेल."

मी पेन घेतलं.

"थांब," द्रौपदी म्हणाली. ती अजून दारातच होती. "खोटं बोलतोय हा."

"द्रौपदी, अगं, तुझ्याच..."

"माझ्यासाठी नको. मोतीबिंदू म्हने! हा वरून पापलेटाचे कल्ले बघतो, शिळा का ताजा सांगतो. आनि याला नाका कुठला नि बाजार कुठला दिसत नाय?" तिने पिशवी खाली ठेवली आणि बोटं उघडली. "बाय, बाजाराम्होरं सतरा नाय झाले. पाच झाले. माझी सासू, बरफवाल्याचा पोरगा, ती झाडूवाली, लहूची बायको नि एक शाळेतला मास्तर. पाचांची नावं देते, घरं दाखवते, जाऊन इचार. आमाला पाच पुरतात. याचे सतरा नकोत."

गंधालीच्या बोटांनी टाइप करणं थांबवलं. ती माझ्याकडे बघत होती, मी पातेल्याच्या बुडाकडे.

"मग नाक्यावरचे सतरा, मावशी?"

"कसले सतरा? रोज सकाळी या नाक्यावरून जाते मी. सिग्नल लागल्यापासून हितं चिमनीपन पडली नाय." द्रौपदीने पदराने मान पुसली आणि आवाज खाली आणला. तिचा आवाज खाली येतो हे मला ठाऊक नव्हतं. "काका, तू ते लिवलंस, हितले अपघात सरले की ही पोरगी चहाला यायची बंद होईल म्हनून. सांग तिला. खोटं बोलते का मी?"