रिकामा गंज

देवानंदनं तलावातलं जाळं काठावर ओढलं, तेव्हा मासळीच्या आधी पन्न्याच बाहेर आल्या. गुलाबी पट्ट्यांच्या, प्लास्टिकच्या पिशव्या. त्याच्या आईनं, इंदिराबाईनं, एक उचलून झटकली आणि तिचा चेहरा उतरला. असल्या पन्न्यांत मासळी घालून अख्ख्या मूल गावच्या बाजारात एकटी तीच द्यायची. गिऱ्हाइकानं दुरून ओळखावं म्हणून हौसेनं ब्रह्मपुरीहून मागवायची. आता ओळखायची पाळी तिच्यावर आली होती. एका पन्नीत तर मरळीचं पिल्लू अडकून मेलं होतं.

"आजपासून पन्नी बंद," तिनं तिथंच जाहीर केलं. "मायवानी पळसाच्या पानात देईन."

सून जया पाटी भरत होती. "आत्याबाई, लोकं हात हालवत बाजारात येतेत. पन्नी नाई म्हटलं का पलीकडे जातीन. टोपली वापस आली तं पुढच्या बाजारापासून मी बसीन. पन्नी घेऊन."

बाजारातली चिंचेखालची बसायची जागा इंदिराबाईच्या मायची. माय दोन पानं उलटसुलट ठेवायची, त्यात मासळी, आणि वरून ओल्या गवताची काडी आवळायची. पुडा सोडताना पानाचा हिरवा, कडसर वास यायचा. तो वास आठवला की इंदिराबाईला अजून माय आठवते आणि माय आठवली की डोळे भरतात. जागा गेली असती तर हेही गेलं असतं.

बाजाराच्या दिवशी पहाटेच ती विळा घेऊन रानाच्या कडेला गेली आणि मटकन खाली बसली. पळस लालभडक फुलला होता, पण झाडावर औषधालाही पान नव्हतं. फागुनात पळस उघडा असतो हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण वर्षानुवर्षं बारमाही पन्नी हाताशी असल्यावर पान कधी येतं नि कधी झडतं, बघतं कोण? बाई स्वतःवरच चिडली.

चिडता चिडता तिला आठवलं. फागुनात मायची गिऱ्हाइकं मासळी न्यायला घरून गंज, म्हणजे उभट पातेलं, आणायची, आणि तो कधी रिकामा नसायचा. तळाशी मायसाठी मूठभर चिंच, नाहीतर वाळलेली अंबाडी. पण आजच्या गिऱ्हाइकांना हे सांगणार कोण? ती तरातरा घरी आली आणि गंज, डबे, पातेली, होतं नव्हतं ते सगळं पोत्यात भरलं.

"च्या कायच्यात करू?" जया ओरडली.

"तांब्यात कर."

बाजारात ती एकेकाला सांगू लागली, "पन्नी नाई. हा डबा ने, पुढच्या बाजारी आनून देजो. पन रिकामा नको आनू." काही हसून पुढं गेले. पण बहुतेकांनी भांडी नेली. फुकट आलेलं भांडं कुणाला नको असतं? दुपारपर्यंत टोपली संपत आली आणि तिचं स्वयंपाकघरही. शेवटी पाठीवर बॅग घेतलेली एक कॉलेजची पोरगी आली. नाव दिव्यानी, ब्रह्मपुरीत खोली घेऊन शिकते म्हणाली. उरला होता फक्त मायचा पितळी गंज, काठाशी पोचा पडलेला, पाण्यासाठी आणलेला. इंदिराबाईनं हात आखडला, मग मन घट्ट करून त्यातच मरळ घातली.

"गेला तो गंज," घरी आल्यावर जया म्हणाली. तिचं चुकत होतं असं नाही.

पुढच्या बाजारी भांडी येऊ लागली. कुणी चिंच, कुणी वांगी, एका डब्यात मोहफुलं. एका पातेल्याच्या बदल्यात तर भलतंच पातेलं आलं, त्यावर 'वामनराव यांस सप्रेम भेट' कोरलेलं. जया पोट धरून हसली. हळूहळू लोक स्वतःचे डबेही आणू लागले. जागा राहिली. मायचा गंज मात्र आला नाही. दुसऱ्या बाजारी नाही, तिसऱ्याही नाही. इंदिराबाई ब्रह्मपुरीच्या प्रत्येक गाडीकडे बघायची. माय एकदा गेलीच होती, आपणच तिला पुन्हा घालवली, असं तिला वाटत राहिलं.

चैत लागला. बाजार भरात असताना दिव्यानी धापा टाकत आली. हातात गंज, गंजाच्या तोंडावर ओलं फडकं.

"बाई, परीक्षा सुरू होती, म्हून येनं झालं नाई. रिकामा नको आनू म्हटलं होतं ना तुमी? मले काई सुचलं नाई. मंग रस्त्याच्या कडेले हे दिसलं."

इंदिराबाईनं फडकं काढलं. आत पळसाची नवी पानं होती, पाणी शिंपडलेली. तिनं गंजात तोंड घातलं आणि तशीच बसून राहिली.

"आत्याबाई, गिऱ्हाईक उभं हाये," जया हळूच म्हणाली. मग शेजारी उकिडवी बसली. "पुडा कसा बांदाचा? मले दाखवा."

इंदिराबाईनं पदरानं डोळे पुसले आणि पोत्यावरची अर्धी जागा मोकळी केली.

"बस इथी," ती म्हणाली. "बिना पन्नीची बसत असशील तं."