हातचा तास

माझी मुलगी समारंभ घडवून आणते. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो, कारण तिच्या कामाचं जे खरं नाव आहे ते माझ्या तोंडात नीट बसत नाही. परिषदा, बक्षीस समारंभ, कंपन्यांचे वर्धापनदिन. खुर्च्या मांडण्यापासून पाहुण्यांच्या परतीच्या गाडीपर्यंत सगळं तिच्या डोक्यावर. घरी ती बेबी. चाळिशी उलटली तरी बेबीच. कामावर मात्र तिला सगळे ताई म्हणतात, वयाने मोठे असलेलेसुद्धा.

तिची एक पद्धत होती. कुणालाही खरी वेळ सांगायची नाही. फुलवाला दहाला हवा असेल तर त्याला नऊ सांगायचे, वक्ता चारला हवा असेल तर तीन. त्याला ती 'हातचा तास' म्हणायची. कुणी उशीर केला की तो हातचा उपयोगी पडे, आणि उशीर तर कुणी ना कुणी करतोच. अडचण एवढीच, की कुणाला किती हातचा दिलाय हे तिला एकटीलाच लक्षात ठेवावं लागे. जेवताना तिचे ओठ हलत असत, तेव्हा ती हेच करत असावी. घरीही तेच. "बाबा, सहाला तयार राहा" म्हणजे सात. मी सहालाच बूट घालून पुस्तक घेऊन बसत असे. ग्रंथालयात जन्म गेलेल्या माणसाला वाट पाहणं जड जात नाही.

गेल्या महिन्यात ती एका कार्यक्रमात व्यासपीठामागे चक्कर येऊन पडली. उठली, कपडे झटकले आणि कार्यक्रम पार पाडला. मला हे तिने सांगितलं नाही, छोट्या ताईंनी फोन करून सांगितलं. छोट्या ताई म्हणजे तिच्या हाताखालच्या बाई. बेबीपेक्षा चांगल्या वीतभर उंच आहेत, पण नाव पडलं ते पडलं.

डॉक्टरांनी तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक, हृदयाची तपासणी करून घ्या, टाळू नका. दुसरी, डोक्यात दोन दोन घड्याळं ठेवता, त्यातलं एक काढून टाका. तिने दुसरी ऐकली. सोपी होती म्हणून असेल. तपासणी मात्र दोनदा पुढे ढकलली. जावई कामानिमित्त परगावी असतात. ते फोनवर म्हणाले, "बाबा, तुम्हीच न्या तिला. माझं ऐकून घेते आणि हो हो म्हणते, बस."

मी दवाखान्यात फोन केला. तिथली बाई म्हणाली, "पाचला या. आणि आजोबा, ही तिसरी वेळ हं. आज नाही आलात तर डॉक्टर उद्यापासून महिनाभर बाहेरगावी आहेत."

महिनाभर. त्या महिन्यात बेबीचे चार मोठे कार्यक्रम होते, ते मला ठाऊक होतं. आणि मी तिला वेळ सांगितली, ती चार.

मी तिचीच युक्ती तिच्यावर चालवली. हे बरोबर केलं का, ते मला अजूनही कळत नाही. ती बिचारी खरं बोलायला लागली होती आणि नेमका तेव्हाच मी खोटं बोललो.

त्या दिवशी दंतवैद्यांची परिषद होती. उद्घाटन दोनला. "साडेतीनला मी मोकळी होते," बेबी म्हणाली. "तुम्ही साडेतीनला सभागृहावर या. खरे साडेतीन, बाबा. मी हातचा सोडलाय."

घरात मला चैन पडेना. एकाच पानावरून चार वेळा डोळे फिरवले, एक ओळ डोक्यात शिरली नाही. शेवटी एक वाजताच मी सभागृहावर जाऊन पोहोचलो.

आत गेलो तर खुर्च्या अजून भिंतीला रचून ठेवलेल्या. व्यासपीठावर माईक नाही, फुलं नाहीत, मागचा पडदा घडी घातलेला. आणि त्या मोकळ्या जागेत बेबी येरझाऱ्या घालत होती. कानात ते बोलायचं यंत्र, हातात फोन, पायाला नुसती भिंगरी.

"कुणीही आलेलं नाही, बाबा. एकसुद्धा नाही. मला वेड लागायची पाळी आलीय."

तेवढ्यात जेवणाचं पाहणारा कॅटरर दारातून डुलत डुलत आला.

"अहो, कुठे होता तुम्ही?" बेबी त्याच्या अंगावरच गेली. "बारा सांगितलं होतं ना?"

"हो ना ताई. म्हणून तर एकला आलो."

"म्हणजे?"

"तुमचे बारा म्हणजे आमचा एक. आजची ओळख आहे का आपली?"

"मी मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, 'खरे बारा'."

"ते तर तुम्ही नेहमीच लिहिता," कॅटरर प्रामाणिकपणे म्हणाला.

मग एकेक जण उगवू लागला. माईकवाला, फुलवाला, पडदेवाला. सगळे एक तास उशिरा आणि सगळे हसतमुख, आपण अगदी वेळेवर आलो अशा थाटात. बेबीने हातचा सोडला होता, पण तो सोडल्याचं कुणाला खरं वाटलं नव्हतं. दंतवैद्य तेवढे वेळेवर आले, कारण त्यांची तिच्याशी ओळख नव्हती.

उद्घाटन तीनला सुरू झालं. मी मागच्या रांगेत कडेला बसलो. भाषणात काय चाललं होतं ते सांगता येणार नाही, माझं लक्ष घड्याळाकडे आणि बेबीच्या पाठीकडे. ती भिंतीला टेकून उभी होती, कानाला हात लावून पुटपुटत. मध्येच डावा दंड चोळायची. सकाळपासून ती बसली होती का, असं मी छोट्या ताईंना विचारलं. "बसल्या असत्या तर मी फोटो काढून ठेवला असता," त्या म्हणाल्या.

चार वाजले. बेबी माझ्याकडे आली आणि शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभी राहिली.

"गेली, बाबा. वेळ गेली. पुढच्या महिन्यात बघू."

तिच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं फारसं दिसेना. सुटका झाल्यासारखंच दिसलं, आणि त्याची मला भीती वाटली. मला गप्प बसवेना.

"वेळ पाचची आहे," मी म्हणालो. "मी तुला चार सांगितली."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं ओरडेल. पण ती ओरडली नाही. तिचे डोळे चमकले.

"मग वेळ आहे की!" ती म्हणाली, आणि वळून गेलीसुद्धा.

मी खुर्चीत तसाच बसलो. माझा हातचा तासही तिने खाऊन टाकायला घेतला होता. मला तिच्यासारखं काहीच नीट जमवता येत नाही, खोटंसुद्धा.

सव्वाचारला पडदा अडकला. मी तिच्यामागे व्यासपीठाच्या बाजूच्या खोलीत गेलो. "बेबी, निघू या."

"दहा मिनिटं. फक्त हा पडदा." तिचे ओठ पांढरे पडले होते. "थांबा, जरा तोंडावर पाणी मारून येते. हे धरा." तिने कानातलं ते यंत्र काढून माझ्या हातात दिलं.

ती गेली. मी ते कानाशी नेलं, नुसतं बघावं म्हणून.

"ताई, पाण्याच्या बाटल्या कुठे ठेवू?" "ताई, पडदा खाली येत नाही." "ताई, गाडी गेटवर आलीय." "ताई?" "ताई, ऐकताय ना?" "ताई, चहा आता की नंतर?" नळ गळावा तसं ते ताई, ताई चाललं होतं. एकाला उत्तर द्यायच्या आत दुसरा. दिवसभर हे तिच्या कानात होतं.

मला चार माणसांत बोलायची सवय नाही. आभार मानायला उभं केलं तरी मी दोन वाक्यांत खाली बसतो. पण त्या यंत्राचं बोलायचं बटण दाबताना मी तिला दुपारभर पाहिलं होतं. मी ते दाबलं.

"नमस्कार. मी ताईंचा बाबा बोलतोय."

ते ताई, ताई थांबलं.

"ताई डॉक्टरकडे निघाल्या आहेत. यापुढे सगळं छोट्या ताईंना विचारावं. कृपया."

ते 'कृपया' ग्रंथालयातलं. आपोआप आलं.

मग कॅटररचा आवाज आला, "बरं, बाबा." आणि लगेच, "छोट्या ताई, चहा आता की नंतर?"

"नंतर. पडदा राहू दे तसाच, कोण बघतंय," छोट्या ताईंचा आवाज म्हणाला.

बेबी ओल्या चेहऱ्याने परत आली आणि यंत्र माझ्या हातून घेऊन तिने कानाला लावलं. तिने ऐकलं. पुन्हा ऐकलं.

"मला कुणी बोलवत नाहीये. काय झालं?"

"मी सांगितलं त्यांना. तू निघालीस म्हणून."

"कुणाला विचारून?" तिचा आवाज चढला. "बाबा, हे माझं काम आहे! तुम्ही कोण सांगणार?"

मी तिची पर्स तेवढी उचलून हातात धरली. ती दारापर्यंत गेली, दारावरचा पडदा थोडा बाजूला सारून बाहेर पाहिलं. बाहेर कुणाचीच तारांबळ उडाली नव्हती. कुणीतरी बाटल्या मांडत होतं. दंतवैद्य टाळ्या वाजवत होते. ती बराच वेळ बघत राहिली. मग परत आली, यंत्र टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "चला."

टॅक्सीत तिचा हात सारखा कानाकडे जात होता. फोन मांडीवर पालथा. ती तो उलटा करून बघायची आणि परत पालथा ठेवायची.

"फोनसुद्धा करत नाहीत," ती म्हणाली.

"चाललं असेल सगळं."

"तेच तर."

सिग्नलला गाडी थांबली. तिने घड्याळ पाहिलं, मग मला पाहिलं, कॅटररकडे पाहिलं होतं तसंच.

"खरे पाच ना? की साडेपाच?"

"पाच."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो, आणि मला जाणवलं, आता काही दिवस तरी हिला माझं खरं वाटणार नाही.

सिग्नल सुटला. बेबी पुढे वाकून ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, जरा लवकर घ्या ना. पावणेपाचला पोहोचायचंय."