सरांचे चार शब्द

मला सरांची शिसारी आली ती एका क्रियापदामुळे.

सर म्हणजे लेखक. फार पूर्वी चांगले लेखक होते म्हणतात. आता ते लिहीत नाहीत, लेखकाने कसं वागावं यावर बोलतात. त्यांचं 'लेखकाचे सद्गुण' हे व्याख्यान मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन. सचोटी, चिकाटी, नम्रता, कृतज्ञता आणि दुसऱ्याच्या श्रमांचा आदर. प्रत्येक सद्गुणाला एक किस्सा, आणि प्रत्येक किश्शाच्या शेवटी डोळे मिटून गप्प राहणं. कृतज्ञतेपाशी आवाज घोगरा होतो. दरवेळी त्याच शब्दावर होतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. दुसऱ्यांदा मी त्या शब्दाची वाट बघत बसले. तिसऱ्यांदा मनातल्या मनात त्यांचं नाव सद्गुणसर ठेवलं.

मी एका प्रकाशकांकडे मुद्रितशोधनाचं काम करते. म्हणजे दुसऱ्यांच्या पुस्तकांतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारते आणि कोणाला दिसणार नाही अशी राहते. आमच्याकडच्या निम्म्या पुस्तकांना सरांची प्रस्तावना असते. वर ठसठशीत छापलेलं असतं, 'सरांचे चार शब्द'. चार कसले, चांगली चार पानं असतात. एकदा एका कवयित्रीच्या संग्रहाला दिलेले असेच चार शब्द तपासत होते. त्यात वाक्य आलं, 'हा संग्रह हाती घेतला आणि मी भारावून गेले.'

गेले! झुपकेदार पांढऱ्या मिशांचे सर भारावून गेले! मी खुदकन हसले, 'गेले'चं 'गेलो' केलं आणि पुढे गेले. पुढच्या परिच्छेदात सर म्हणत होते, 'या वयात मीही अशीच हळवी होते.' तिथे माझं हसू मावळलं. मी कपाटातून जुनी पुस्तकं काढून सरांच्या प्रस्तावना शेजारी शेजारी ठेवल्या. ज्या कादंबरीकाराला दर वाक्यापुढे उद्गारचिन्ह लागतं, त्याच्या पुस्तकात सरांनाही लागत होतं. जो निवृत्त शिक्षक 'किंबहुना' चुकीचं लिहितो, त्याच्या पुस्तकात सरही ते चुकवत होते. सर प्रत्येक लेखकाच्या स्वतःच्या चुका करत होते, आणि मी इतकी वर्षं त्या डोळ्यांत तेल घालून सुधारत होते.

प्रकाशकांना विचारलं, तर त्यांनी चष्म्यातून वरसुद्धा पाहिलं नाही.

"अगं, ते स्वतः कुठे लिहितात आता? लेखक लिहून आणतो, ते सही करतात. सगळ्यांना माहितीय."

"मला नव्हतं माहीत."

"आता झालं ना? मग 'गेले' दिसलं की 'गेलो' करत जा. फार शोभा होते."

शोभा खोटेपणाची होत नाही, क्रियापदाची होते. मला ओकारी यायची बाकी राहिली. पण मी 'गेले'चं 'गेलो' करत गेले. नोकरी होती.

मग माझंच पुस्तक झालं. माझी आई आमच्या दोन खोल्यांच्या घरात पाळणाघर चालवायची. सकाळी लोक आपापली मुलं आणून सोडायचे, संध्याकाळी न्यायचे. त्या मुलांवर आणि आईवर मी वर्षानुवर्षं थोडं थोडं लिहीत होते. प्रकाशकांनी वाचलं, चक्क आवडलं म्हणाले, आणि लगेच म्हणाले, "फक्त सरांचे चार शब्द आण. त्याशिवाय वाचनालयं हात लावत नाहीत."

दुपारी सरांकडे गेले. ते चहात बिस्किट बुडवत होते. बिस्किटाचा मऊ लगदा मिशीला चिकटला होता आणि बोलताना वर-खाली होत होता. माझी नजर तिथून हलेना. मी हस्तलिखित पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, टीपॉयवर ठेवलं, आणि त्यावर कप ठेवला.

"पाळणाघर का? वा. मातृत्व. मोठा विषय." कप उचलला तर पहिल्या पानावर गोल डाग. "हे इथे ठेवून जाऊ नकोस, माझ्या पसाऱ्यात हरवेल. असं कर, दोन-तीन पानं तूच लिहून आण. तुझं पुस्तक तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत."

"सर, तुम्ही वाचणार नाही?"

"अगं, वाचल्यासारखंच आहे ते." मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आणि हे बघ, फार स्तुती करू नकोस. मी उगाच कोणाची स्तुती करत नाही, हे लोकांना ठाऊक आहे."

हे ते हसत हसत म्हणाले असते तर मी एक वेळ माफ केलं असतं. पण नाही. मनापासून म्हणाले. बिस्किटाचा कण माझ्या बाहीवर पडला होता, तो मी जिना उतरताना झटकला, तरी घरी येईपर्यंत मी ती बाही झटकतच होते.

घरी बसून लिहायला घेतलं. 'लेखिकेची शैली ओघवती आहे' असं लिहिलं आणि कान गरम झाले. स्वतःच्या पाठीवर थाप मारायची तर हात कसा वेडावाकडा पिळावा लागतो, तसं ते वाक्य झालं होतं. 'मनाचा ठाव घेणारे', 'जिवंत चित्रण', जे जे शब्द इतरांच्या पुस्तकांत वाचून मी नाक मुरडलं होतं, ते सगळे माझ्या हातून गुमान उतरत होते. मी कागद फाडला. मग पुस्तकच पुन्हा वाचायला घेतलं, की बाई गं, खरोखर कौतुक करण्यासारखं काही आहे का बघ.

आणि पुस्तकाचीही तशीच शिसारी आली.

कारण पुस्तकातली आई सगळ्या मुलांची आई होती. हसरी, थकलेली, देवासारखी. आणि एक गोष्ट पुस्तकात कुठेच नव्हती. सकाळी पहिलं मूल दारात आलं की संध्याकाळी शेवटचं जाईपर्यंत मला आईला 'आई' म्हणायची बंदी होती. 'मावशी' म्हणायचं, इतर मुलं म्हणायची तसं. स्वतःच्या पोरीला जवळ करते आणि आमच्यांना लांब ठेवते, असं कोणाच्या मनात यायला नको म्हणून. चुकून 'आई' म्हटलं तर ती मान वर करायची नाही. मी दाराशी, चपलांच्या शेजारी बसायचे. यावर आम्ही दोघी आजवर एक अक्षर बोललो नाही. पुस्तक लिहिलं ते मुळात त्यासाठीच, की आई वाचेल आणि आपणहून काहीतरी म्हणेल. मग लिहिताना तेवढंच गाळलं. ती दुखावेल, लोक काय म्हणतील, सतरा कारणं. मला तिच्याकडून एक वाक्य हवं होतं आणि ते मागायची हिंमत नव्हती, म्हणून मी गोड गोड पुस्तक लिहिलं. सद्गुणसरांना नाकं मुरडणारी मी!

रागाच्या भरात कागद ओढला. सर वाचणार नाहीत ना? मग लिहितेच खरं. आणि लिहिलं:

'हे पुस्तक वाचताना मी एका जागी थबकलो, आणि मग शेवटपर्यंत थबकलेलाच राहिलो. एवढ्या मुलांनी भरलेल्या त्या घरात लेखिका स्वतः कुठे बसत होती? सगळ्या मुलांना कूस मिळाली, मग तिची जागा कुठली? लेखिकेने आईला हवी तशी रंगवली आहे, होती तशी नाही. ती खोटं बोललेली नाही, पण जिथे दुखतं ती जागा तिने कोरी सोडली आहे. ज्या मुलीला आई दिवसभर वाटून टाकावी लागली, तिचं पुस्तक अजून लिहिलं जायचं आहे.'

मुद्रितशोधक असल्याने त्यात एकही 'गेले' राहू दिलं नाही.

सरांनी पानं उलटली, म्हणजे नुसती उलटली, शेवटी सही केली आणि म्हणाले, "छान. संयत आहे." प्रकाशकांनी मात्र वाचलं. "सर फारच कडक झालेत की गं! असू दे, वेगळं वाटतं." पुस्तक आलं. एका परीक्षणात माझ्याबद्दल जेमतेम दोन ओळी होत्या आणि उरलेला मजकूर सरांच्या निर्भीड प्रस्तावनेवर. नवोदितांना असा आरसा दाखवणारे आता राहिले नाहीत, वगैरे. मी ते वाचून कचऱ्यात टाकलं आणि हात धुतले.

आईची नजर अधू झालीय. ती भिंग धरून, ओठ हलवत वाचते. खिडकीपाशी बसून ती रोज थोडं वाचायची आणि मी स्वयंपाकघरातून तिच्या चेहऱ्याकडे बघायचे. शेवटी एका सकाळी तिने पुस्तक मिटलं आणि मला हाक मारली.

"पुस्तक चांगलंय तुझं," ती म्हणाली. "गोड आहे."

मी उभीच राहिले.

"पण ते पहिलं कोणाचं आहे? ते सर. त्यांनी बरोबर पकडलं बघ." तिने भिंग बाजूला ठेवून ती पानं उघडली. तिथे कागद चुरगळला होता, पुन्हा पुन्हा वाचल्यासारखा. "तू कुठे बसायचीस ते तू लिहिलंच नाहीस. मला वाटलं, विसरलीस. बरं झालं म्हटलं. आणि या माणसाने, बघ ना, न बघता ओळखलं."

एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं.

"आई, ते मी लिहिलंय."

"काय?"

"ते चार शब्द. सर लिहीत नाहीत. लेखकच लिहून नेतात आणि ते सही करतात. ते माझं आहे, आई. मी लिहिलंय ते तुला."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पानाकडे. मग भिंग एका शब्दावर नेऊन ठेवलं.

"इथे 'थबकलो' लिहिलंय. तू 'थबकलो' कशाला म्हणशील?"

"त्यांच्या नावाने लिहायचं म्हणून..."

"पुरे," आई म्हणाली. तिचा आवाज खाली आला, पाळणाघरात कोणी दुसऱ्याचं खेळणं हिसकावलं की यायचा तसा. "त्यांनी तुझी चूक दाखवली म्हणून राग आलाय तुला. येऊ दे. पण दुसऱ्याने मन लावून केलेलं काम आपलं म्हणून सांगू नये. एवढं तरी मी शिकवलं असेल ना तुला?"

मी पुन्हा सांगितलं. कवयित्री सांगितली, उद्गारचिन्हं सांगितली, बिस्किट सांगितलं. जितकं जास्त सांगत गेले तितकं ते रचल्यासारखं वाटायला लागलं. आईचा चेहरा बंद झाला.

"फोन लाव त्यांना," ती म्हणाली. "मला आभार मानायचेत."

मी लावला. खरं सांगते, मला अजून आशा होती. एका म्हाताऱ्या बाईसमोर तरी हा माणूस म्हणेल, अहो, तुमच्या मुलीनेच लिहिलं ते. पाच सद्गुणांपैकी एखादा तरी हाताशी असेल. "सर, आईला बोलायचंय," एवढंच म्हणून मी फोन तिच्या हातात दिला.

"नमस्कार. तुम्ही तिच्या पुस्तकाला जे लिहिलंत ना, ते वाचलं मी," आई म्हणाली. पलीकडून काहीतरी लांबलचक, घोगरं आलं. आईने मान डोलावली, जणू ते तिला बघत होते. "हो ना. लेखकाला दिसतंच म्हणा. नाही, पण तुम्ही लिहिलंत म्हणून सांगते. ती दाराशी बसायची. चपलांजवळ. मला 'मावशी' म्हणायची आणि मी इतर पोरांना द्यायचे तशीच ओ द्यायचे. संध्याकाळी सगळी पोरं गेली तरी ती लगेच 'आई' म्हणायची नाही. मी सांगायची वाट बघायची. आणि मी मुद्दाम उशिरा सांगायचे, सर. आणखी एक पोर कुशीत घ्यायचं त्राण नसायचं माझ्यात. ते पोर माझं होतं, तरी."

ती थांबली. पदराने डोळे पुसले. मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होते.

"चुकलंच माझं," आई फोनमध्ये म्हणाली. "फार चुकलं. नाही, तिला नाही बोलले कधी. तिला कसं सांगणार? ती तेही गोड करून लिहील."

पलीकडून पुन्हा घोगरा आवाज आला. आई ऐकत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरची इतक्या वर्षांची गाठ सुटताना मी बघितली. मग तिने फोन माझ्यापुढे धरला. "हलकं वाटलं बघ मला. किती मोठा माणूस आहे. तुझ्याशी बोलायचंय म्हणताहेत."

मी फोन कानाला लावला.

"अगं," सर हळू आवाजात म्हणाले, "कुठलं पुस्तक गं ते? मी कशावर लिहिलं होतं?"

आई भिजल्या डोळ्यांनी माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय म्हणताहेत?"

"तुझं कौतुक करताहेत," मी म्हणाले, आणि मला माझीच किळस आली.