विठ्ठलांचं विसर्जन

अजिनाथ महाराजांचा घसा बसला तो ऐन सप्त्यात. दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन, आणि महाराज चहासुद्धा खुणेनं मागत होते. मग ठरलं, तिसगावात श्रीमंतच्या मोबाईल-दुकानामागच्या खोलीत त्यांचे अभंग आधीच रेकॉर्ड केलेत, तेच मांडवात भोंग्यावर लावायचे. मी टाळकरी, नाव सहादेव. महाराजांच्या घरच्या मालनबाई आणि मी दुपारीच दुकान गाठलं.

श्रीमंत डोकं धरून बसला होता. "कॉम्प्युटर गच्च भरलाय, काकी. सगळे अभंग जोडून एक फाईल करायला जागाच न्हाई."

जागा विठ्ठलानं खाल्ली होती. देवाच्या नावाशिवाय आरंभ नाही, असं महाराज म्हणाले, म्हणून श्रीमंतनं प्रत्येक फाईलला विठ्ठलच नाव दिलं. शेवटचा अभंग माझ्या टाळांपायी इतक्यांदा घ्यावा लागला, की त्याच्याच विठ्ठलांनी पडदा भरला होता.

"ओळीत न लावलेल्या, नको त्या फायली एका बटनात जात्यात," श्रीमंत म्हणाला. "पर विठ्ठल उडवायचा कुनी? मला लेकरंबाळं हाईत."

दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी छताचा पंखा बघू लागलो.

"गनपती बुडवताना बरे हात कापत न्हाईत तुमचे," मालनबाई म्हणाल्या. त्यांनी माऊसला हळद-कुंकू वाहिलं, आरती म्हटली आणि श्रीमंतला बटन दाबायला लावलं.

"गेले कुठं?"

"कचऱ्याच्या डब्यात."

"देव कचऱ्यात?"

"हौद समजा, काकी. नगरला आता गनपतीबी हौदातच बुडवत्यात."

"मग रिकामा पाट घेऊन घरी जायचं नसतं. चिमूटभर वाळू आन परत."

श्रीमंतनं वरचीच एक फाईल परत आणली आणि डबा रिकामा केला. मग अभंग जोडायला घेतले, आणि त्याचा चेहरा उतरला. शेवटचा अभंग त्यानं अजून ओळीत लावलेलाच नव्हता. सॉफ्टवेअरनं तो नको असलेल्यांत धरला. त्याचे झाडून सगळे विठ्ठल गेले. उरली होती ती वाळू.

लावून ऐकली. अभंग पुरा होता, फक्त मधे महाराज मला झोडत होते.

"एवढं कापतो," श्रीमंत म्हणाला.

"परत आनलेल्या वाळूतले खडे निवडत असत्यात व्हय?" मालनबाईंनी विचारलं.

सकाळी मांडव भरला. महाराज मफलर गुंडाळून पुढं बसले, मी टाळ घेऊन मागं. भोंग्यातले महाराज गाऊ लागले आणि मी नेहमीसारखा तल्लीन झालो. शेवटचा अभंग रंगात आला आणि भोंगा गरजला, "सहादेवा, गाढवा, टाळ थांबव."

मी थांबवले. अख्खा मांडव वळून बघू लागला. महाराजांचे खांदे हसून गदगदत होते, आवाज मात्र नव्हता.

"हां, आता वाजव," भोंगा म्हणाला. "आणि माझ्याकडं बघून वाजव."

मी महाराजांकडं बघितलं. त्यांनी हात वर करून ताल धरला. त्या दिवशी माझा टाळ चुकला नाही.