सोनाबाईनं ऐकलेला ठोका

लोधिवलीच्या सोनाबाईचा आवाज असा, की तिनं गोठ्यात म्हशीवर ओरडावं आणि चार घरं पलीकडची सून दचकावी. पण त्या सकाळी जयवंताला, आपल्या सुनेला, बैलगाडीतून चौकच्या दवाखान्यात आणताना तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. जयवंताला आठवा लागला होता आणि कालपासून पोटातलं पोर हललं नव्हतं.

मासूमा नर्सनं बाळाचे ठोके ऐकायच्या लाकडी नळीचं रुंद तोंड जयवंताच्या पोटावर टेकवलं, दुसऱ्या टोकाला कान लावला. नळी इकडे ठेवून पाहिली, तिकडे ठेवून पाहिली.

सोनाबाईला कुठला दम निघायला! "सरक गं बाय, मला बी ऐकू दे," म्हणत तिनं स्वतःच कान लावला. आणि ऐकलं की! धप्, धप्, धप्.

"जिता हाय! माज्या कानानं ऐकलं!"

मासूमानं अडवेपर्यंत ती ओसरीवर पोचलीसुद्धा. "नामा, हाय रं, पोर हाय!" गाडीजवळ उकिडवा बसलेला तिचा लेक उठला आणि बैलाच्या मानेत तोंड खुपसून रडला. रस्त्यानं चाललेल्या गोदूबाईला तर सोनाबाईनं तिथूनच ओटीभरणाचं आवतण देऊन टाकलं.

ती आत आल्यावर मासूमानं तिची बोटं जयवंताच्या मनगटावर ठेवली. "आता ऐका, मावशी."

नळीत धप्, बोटांखाली धप्. दोन्ही एकदमच.

मासूमा तिला दारापाशी नेऊन हळू म्हणाली, "बाळाचं काळीज याच्या जवळजवळ दुपटीनं पळतं. तुम्ही ऐकलंत ते हिचं. बाळाचं मी किती शोधलं, मावशी. बाळ गेलंय. हिला आजच कर्जतला मोठ्या डॉक्टरांकडे न्या, नाहीतर हीपण हातची जाईल."

सोनाबाईला आपल्याच जिभेचा संताप आला. खाटेवरची जयवंता तिच्याकडं बघून हसत होती. सासू तिच्या नावानं आजवर ओरडली होती ती नेहमी रागानंच; आनंदानं ओरडली ती आज पहिल्यांदाच.

"आत्याबाय, खरंच ऐकलंत ना तुमी?"

सोनाबाईनं पुन्हा तिचं मनगट हातात घेतलं. "ऐकलं गं. पण ते तुजं हाय, पोरी. तुजंच हाय."

जयवंताला कळायला वेळ लागला. तोवर बाहेर नामा कुणाला तरी हसत सांगत होता, की आयेनं सोताच्या कानानं ऐकलंय.