लाल टाचणी

"लोकांच्या घरी साखर संपते, तुझ्या अंगात ती मावत नाही. हलू नकोस मेल्या, कान टोचतेय, गळा नाही कापत," टेलरबाई बोक्याच्या कानाशी पुटपुटत होत्या.

कापडाच्या टेबलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवायचा, म्हणून तो मुकादम. कानावरचा रक्ताचा थेंब त्यांनी पट्टीला लावला, यंत्रातला आकडा वाचला. मुकादमानं वाटी चाटूनपुसून संपवली तशी मानेमागची कातडी चिमटीत धरून इन्सुलिनची सुई दिली. त्यानं शेपटीही हलवली नाही. जन्मभर सुई धरलेला हात तो.

मग टाचण्यांच्या उशीतली लाल टाचणी त्यांनी डावीकडून काढून उजवीकडे खोचली. हा त्यांचा कायदा. डावीकडे म्हणजे सुई बाकी, उजवीकडे म्हणजे झाली. पुढच्या वेळी वाटी भरताना ती परत डावीकडे यायची.

त्यांचा नवरा, आबा, दारातून पाहत होता. हल्ली तो पाहतच असायचा. टेलरबाई एकाच गिऱ्हाइकाचं माप दोनदा घेत, शेजारणीला भलत्याच नावानं हाक मारत. मध्यंतरी मुकादमाला खायला घालून त्या सुई न देताच सरळ मशीनवर बसल्या. आबानं गुपचूप सुई दिली, टाचणी हलवली आणि पेपर उघडला. वय झालं, दुसरं काय, अशी स्वतःची समजूत घातली. लेकीला सांगितलं नाही. लेकही त्याला काही सांगत नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एका सुट्टीच्या दिवशी लेक घरीच होती. सकाळी टेलरबाई कपडे वाळत घालायला गच्चीत गेल्या. आबानं पाहिलं, तर वाटी रिकामी आणि टाचणी डावीकडेच. त्यानं दार लोटून घेतलं, मुकादमाला सुई दिली आणि टाचणी उजवीकडे खोचली.

दुपारी मुकादम टेबलावर उडी मारायला गेला आणि अर्ध्यातच कोसळला. पायांत जीव नव्हता, डोळे नुसते मोठे झालेले. लेकीनं हिरड्यांना साखरेचं पाणी चोळलं, त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि तिघं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावली.

"साखर अगदी तळाला गेलीये," पंजाला सलाइन लावत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोस दोनदा गेला का? खरं सांगा."

"मीच दिला असेन," टेलरबाई म्हणाल्या. "देणारी मीच ना? मीच मारलं माझ्या मुकादमाला." त्यांची बोटं टॉवेलाची कड दुमडत होती, उलगडत होती, पुन्हा दुमडत होती.

आबानं बायकोच्या त्या बोटांकडे पाहिलं. गप्प राहिलं तर मूठ झाकलेलीच राहणार होती. पण हे पाप डोक्यावर घेऊन ही बाई पुन्हा कधी मुकादमाला जवळ घेणार नव्हती.

"आई, तू नाही." लेक पुढे झाली. "तू खायला घालून तशीच गच्चीत गेलीस. मग मी सुई दिली. टाचणी हलवणार तोच पाऊल वाजलं म्हणून मागं सरले, तुला वाटू नये की मी तुझ्या मागं..."

"मीही दिली," आबा म्हणाला. "टाचणी डावीकडे दिसली म्हणून."

टेलरबाईंनी आधी लेकीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "अहो, माझ्या टाचणीवर पहारा बसवलाय का दोघांनी? चोर आहे मी?"

नळीतून थेंब पडत होते. बऱ्याच वेळानं मुकादमानं डोकं उचललं, टेलरबाईंचा अंगठा हुंगला आणि परत टेकवलं.

"वाचेल बहुतेक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजची रात्र राहू दे इथंच. पण घरी नेल्यावर सुई एकानंच द्यायची. कोण देणार?"

आबानं बायकोचा हात हातात घेतला. सुईनं घट्टे पडलेली ती बोटं गार झाली होती.

"मी देईन," तो म्हणाला. "तू त्याला धर, शिव्या घाल, माझा हात चुकला तर मलाही घाल. पण सुई मी देईन."

"आणि मी का नाही?"

"कारण तू विसरायला लागली आहेस गं."